वहिनीची कवायत

बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांचं डोकं फिरलंय. भर दुपार, तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक पॅसेज, फरशीवर खडूने मारलेल्या चोवीस रेघा, आणि चार मोठी माणसं हातात कागदी कप धरून त्या रेघांवर उभी. कोणी तोंडाने पाचपर्यंत मोजतंय, कोणी एक पाय पुढे टाकून अडकलंय. आणि सगळ्यांच्या समोर स्टुलावर चढलेली वहिनी. गळ्यात शिट्टी, हातात चुरगळलेला कागद.

"तीन नंबर, घाई नको. तुमच्या कपाची पाळी नाही आली अजून."

तीन नंबर म्हणजे खुद्द साहेब, ऑफिसचे मालक. गुपचूप मागे सरकले.

ही कोणाची वहिनी, असं नव्या माणसाने विचारलं की सगळे हसतात. खरी वहिनी ती एकटीचीच, नणंदेची. पण नणंद ऑफिसात आली त्या दिवसापासून "वहिनी, वहिनी" करत फिरायला लागली, आणि आठवड्याभरात ती सगळ्यांचीच वहिनी झाली. साहेब तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत, तरी.

वय एकेचाळीस. बारावीनंतर शिकली नाही, शिकायला कोणी विचारलंही नाही. सरळ छापखान्यात लागली. चौदा वर्षं तिथे. मशीन चालवायची नाही, बाइंडिंग करायची नाही. तिचं काम एकच, कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी चढवायचं ते ठरवायचं. चार मशीनं, दिवसाला तीसेक कामं. हे वाळल्याशिवाय ते चढत नाही, ते कापल्याशिवाय हे शिवता येत नाही. कागदाच्या एका चिठोऱ्यावर ती सगळं मांडायची आणि मशीन म्हणून रिकामं दिसायचं नाही. पुढे छापखाना बंद पडला. चौतिसाव्या वर्षी बाई संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकली. क्लासमधली पोरं दोन महिने हसली. तिसऱ्या महिन्यापासून तिच्या वहीतून गृहपाठ उतरवायला लागली.

एकच वाईट खोड. कोणी रिकामं बसलेलं तिला बघवत नाही. नवरा बिचारा टीव्ही बघतानासुद्धा मांडीवर भाजीची जुडी घेऊन बसतो. निवडत काही नसतो, नुसती धरून ठेवतो, म्हणजे बायको काही बोलत नाही.

तर अशी ही बाई, आणि तिच्यासमोरचं काम असं.

ॲम्ब्युलन्समध्ये बसवायची एक छोटी पेटी. पेशंटला गाडीत घेतलं की बटण दाबायचं, पेशंटची माहिती रेडिओवरून पुढे हॉस्पिटलला. मधल्या मध्ये कोणी वाचू नये, कोणी खोटा निरोप घुसवू नये, म्हणून त्यावर गणिताचा शिक्का मारून पाठवायची. डोंगरातून, बोगद्यातून रेडिओ कसाबसा चालतो, त्यामुळे शिक्का लहानातला लहान हवा. उद्याच्या क्वांटम कॉम्प्युटरलाही न फुटणारा असा लहान शिक्का एकाच प्रकारचं गणित देतं, आयसोजेनीचं. आणि तेच गणित सगळ्यात संथ. त्याच घराण्यातली एक जुनी पद्धत दोघा गणितवाल्यांनी साध्या कॉम्प्युटरवर बसून फोडून टाकली होती, त्यामुळे लोक या घराण्याकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतात. ही पद्धत वेगळी आहे, हे नणंद येईल त्याला समजावून सांगते. समोरचा मान डोलावतो आणि तरी तिरकाच बघतो.

नणंद गणितातली. डॉक्टरेट वगैरे. घरात तिला छोटी म्हणतात आणि दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी ती उंच आहे. कॉलेजात पक्की नोकरी होती, ती वहिनीने सोडायला लावली. दुसऱ्या कोणी नाही.

"तिथे काय करतेस?" एका रविवारी वहिनीने तिला विचारलं होतं. "तेच गणित तेरा वर्षं फळ्यावर लिहितेस आणि पुसतेस. इथे ये. तुझं गणित मी गाडीत बसवून दाखवते. एका सेकंदाच्या आत."

"एका सेकंदात? वहिनी, ते तीन सेकंद घेतं."

"ते माझ्यावर सोड."

छोटीने सोडलं. भावाला न विचारता राजीनामा देऊन आली. अकरा महिने झाले. आणि आता ॲम्ब्युलन्सवाल्यांची तपासणी शुक्रवारी. बटण दाबल्यापासून शिक्का बसेपर्यंत एक सेकंद. त्याच्या वर गेलं तर दुसरं गणित घेणार, मोठ्या शिक्क्याचं, जे सगळीकडे मिळतं आणि ज्याला छोटीची गरज नाही.

पेटी घेत होती एक पॉइंट चोवीस सेकंद.

वहिनीचा कागद म्हणत होता पॉइंट एक्क्याण्णव.

हे मधलं कुठे जात होतं ते कोणाला सापडत नव्हतं. म्हणून ही कवायत.

आता कप कशाला, ते एकदा सांगून टाकलेलं बरं. आयसोजेनी म्हणजे एका वक्रावरून दुसऱ्या वक्रावर नेणारी पायरी. अशा दोनशे सोळा पायऱ्या एकामागून एक चढल्या की शिक्का तयार. चोराला खालचं टोक दिसतं, वरचं टोक दिसतं, मधला जिना सापडत नाही. सुरक्षितता ती एवढीच. पण प्रत्येक पायरीला कुलूप आहे. त्याची किल्ली एका बिंदूपासून घडवायची. तो बिंदू दुप्पट करायचा, परत दुप्पट, परत दुप्पट, असं कितीतरी वेळा. दर पायरीला हे अगदी पहिल्यापासून करत बसलं तर पेशंट बरा होऊन घरी जाईल. म्हणून अर्धवट घडवलेले काही बिंदू बाजूला ठेवायचे आणि कुलूप उघडलं की तेही उचलून वरच्या पायरीवर न्यायचे, पुढच्या किल्ल्यांना उपयोगी पडतात. दुप्पट करणं एकट्याचं काम, त्यात दुसऱ्याला हात लावता येत नाही. बिंदू उचलून वर नेणं मात्र वाटून घेता येतं. आणि पेटीच्या प्रोसेसरमध्ये कोअर चार. म्हणजे कामकरी चार.

सगळीकडे करतात तसंच आधी यांनीही केलं होतं. एका पायरीवरचे सगळे बिंदू वर पोचेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मग पुढची पायरी. वहिनीला ते सहन होईना.

"पुढच्या किल्लीचा बिंदू आधी न्या की," ती म्हणाली. "बाकीचे येतील मागून. ज्याची गरज विसाव्या पायरीला आहे तो चौथ्या पायरीवर वेळेत पोचून काय करणार, हवा खाणार?"

नणंदेने रात्रभर... नाही, खरं तर दुपारी जेवताना पाच मिनिटांत हिशोब करून पाहिला आणि डबा तसाच ठेवून उठली. बरोबर होतं. बिंदू एकत्र चढायची काहीच गरज नव्हती. तिथून तीन सेकंदांचं वेळापत्रक कागदावर पॉइंट एक्क्याण्णववर आलं.

तर कवायतीत फरशीवरची रेघ म्हणजे पायरी, कप म्हणजे बिंदू. रेघ ओलांडायची तर उभं राहून पाचपर्यंत मोजायचं. किल्ली घडवायची तर टेबलावर पेन्सिलीने रेघोट्या ओढायच्या. चार माणसं म्हणजे चार कोअर. कॉम्प्युटरवाले शून्यापासून मोजतात, म्हणून नंबर शून्य ते तीन. किल्ली घडवायचं काम शून्याकडे. का? पहिलं काम पहिल्याला, बस. याच्यावर कोणी अर्धं मिनिटही घालवलं नव्हतं.

शून्य नंबर काका झाले, कारण ते सगळ्यात आधी उठून उभे राहिले. काका म्हणजे ऑफिसच्या दारातल्या टेबलावर बसतात ते. तीस वर्षं एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काढून इथे आलेत. दार, फोन, कुरिअर, सगळं त्यांच्याकडे. शर्टाच्या खिशाला तीन पेनं आणि एकही दुसऱ्याला देत नाहीत. एक नंबर सोल्डर. त्याचं हे नाव तो तारांना सोल्डरचा डाग देऊन पेट्या जोडतो म्हणून पडलं, आणि त्याच्या कपड्यांना सदा जळका वास येतो म्हणूनही. दोन नंबर छोटी. तीन नंबर साहेब.

सोमवारी वहिनीने शिट्टी वाजवली. पहिल्या तीन रेघा छान गेल्या. चौथीला दाराची बेल वाजली.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि गेले.

"काका," वहिनी ओरडली, "काम चालू आहे."

"दार वाजलं ना," काका तिकडून म्हणाले.

पाण्याचा कॅन आला होता. काका सही करून परत आले, पेन्सिल उचलली. तोपर्यंत तिघं कप धरून रेघेवर उभे. परत दोन रेघा झाल्या, फोन वाजला. काका गेले. मग कुरिअर. मग एक बाई, जिला वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिला काकांनी जिन्यापर्यंत नेऊन सोडलं, शिवाय कोणता दात तेही विचारून आले.

"दाढ आहे," परत येऊन त्यांनी सांगितलं. "खालची."

"काका, आम्ही इथे खांबासारखे उभे आहोत," साहेब म्हणाले.

"मग मी काय करू? दार वाजलं तर उठायचं नाही? उद्या तुमचंच गिऱ्हाईक बाहेर उभं राहील."

चोवीस रेघांना एकवीस मिनिटं लागली. वहिनीच्या कागदाप्रमाणे पंधरा लागायला हवी होती. ती स्टुलावरून उतरली. तोंड लाल.

"काका, तुम्ही बाजूला बसा," ती म्हणाली. "रागावू नका. पण तुमच्यामुळे काही कळतच नाहीये. किल्लीचं मी करते, शिट्टी घड्याळाला देऊ."

काका गेले. आपल्या टेबलाशी बसून त्यांनी तिन्ही पेनं काढली, पुसली, परत खिशाला लावली. ज्याला काका माहीत आहेत त्याला कळलं असतं की माणूस दुखावलाय.

दुसरी कवायत काकांशिवाय झाली. मोबाइलवर दर मिनिटाला घंटी लावली, सगळे त्या तालावर. पंधरा मिनिटं दहा सेकंद. सोल्डरने कप हवेत उडवले.

"बघितलंस?" वहिनी छोटीला म्हणाली. "वेळापत्रक बरोबर आहे माझं."

मंगळवारी पेटीवर तेच वेळापत्रक परत चढवलं, एकेक ओळ तपासून. बटण दाबलं.

एक पॉइंट चोवीस.

परत दाबलं. एक पॉइंट सत्तावीस. परत. एक पॉइंट बावीस.

"एका गोष्टीला तीन उत्तरं देते ही," सोल्डर म्हणाला. "सासूसारखी."



बुधवारी जेवायच्या वेळी छोटी आपला डबा घेऊन वहिनीच्या टेबलाशी आली. झाकण उघडलं, चमचा घातला, आणि खाल्लं काही नाही.

"कॉलेजातून फोन आला होता," ती म्हणाली. "माझी जागा अजून भरली नाही. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले."

"मग?"

"मग काय? शनिवारी कळवेन."

"आज बुधवार आहे."

"वहिनी, आपण किती दिवस स्वतःला फसवायचं? गणित माझं जड आहे. तुझी चूक नाही. जेवढं पिळता आलं तेवढं तू पिळलंस."

वहिनीला दुसरं काहीही चाललं असतं. छोटीने शिव्या घातल्या असत्या, "तू मला फसवून आणलंस" म्हणाली असती, तरी वहिनी भांडली असती आणि बरं वाटलं असतं. पण ही वर समजूत घालत होती. ज्या पोरीला तिने चांगल्या नोकरीवरून उठवून आणलं, तीच म्हणत होती तुझी चूक नाही. वहिनीने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"जेव आधी," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी निर्णय घेऊ नये."

"हे तू तुझ्या नवऱ्याला पण सांगतेस."

"तुझा दादा रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, कधीच निर्णय घेत नाही. त्याचं सोड."

छोटी जरा हसली. पण डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी निघताना वहिनी काकांच्या टेबलाशी थांबली. दोन दिवस झाले, काका तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. "कुरिअर आलंय." "फोन आहे." एरवी हा माणूस हवामानापासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगतो.

"काका, राग गेला नाही का अजून?"

"मला कशाचा राग? मी आपला दारावरचा माणूस." त्यांनी रजिस्टर सरळ केलं, ते सरळच होतं. "एक विचारू? सोमवारी उशीर झाला तो माझ्यामुळे."

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलंत. बरोबरच म्हटलंत. मी उठत होतो, तुम्ही थांबत होता. पण आता मी नाही. तरी तुमची पेटी थांबतेय. मग आता दार उघडायला कोण उठतंय?"

टोमणा होता तो. सरळ टोमणा. दोन दिवस घासून धार लावलेला. काका पिशवी उचलून निघून गेले.

वहिनी तिथेच उभी. मग वळली आणि सोल्डरच्या खोलीत गेली. तो बॅग भरत होता.

"सोल्डर, आपल्या पेटीत दारावर कोण असतं?"

"पेटीला दार नाहीये, वहिनी. चार स्क्रू आहेत."

"मस्करी नको. रेडिओवर काही आलं, कोणी बटण दाबलं, पडद्यावर काही दाखवायचं झालं. तेव्हा हातातलं काम टाकून कोण उठतं? चौघांपैकी कोण?"

सोल्डरने बॅगेची चेन अर्धी लावली आणि तिथेच हात थांबला.

"शून्य," तो म्हणाला. "सगळं शून्यावरच येतं. सुरुवातीपासून तसंच असतं, कोणी बदलत नाही."

"आणि रेडिओ दिवसभर बडबडत असतो."

"सेकंदाला शेकडो वेळा हाक मारतो."

वहिनी खुर्चीवर बसली. सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याच्यासाठी बाकीचे तिघं खोळंबतात, ते तिने दारात बसणाऱ्याच्या हातात दिलं होतं. आणि कवायतीत ते उघडं दिसलं होतं. पहिल्याच दिवशी, एकवीस मिनिटं, डोळ्यांसमोर. चौघांत एकच माणूस आपला कोअर बरोबर वठवत होता आणि तिने त्यालाच चूक म्हणून बाहेर काढलं. खोटी कवायत केली, ती बरोबर आली, आणि टाळ्या वाजवल्या.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली.

"आपण सगळेच होतो की," सोल्डर म्हणाला. "दारावरचं काम दुसऱ्या कोअरकडे देता आलं तर बघू का?"

"येईल?"

त्याने मान हलवली. "रेडिओचा भाग बाहेरच्या कंपनीकडून सीलबंद येतो. त्यांना विचारून बदलायचं तर दोन आठवडे."

"मग दार शून्याकडेच राहू दे. किल्ली काढून घेऊ."

गुरुवारी सकाळी ती इतरांच्या आधी आली आणि काकांच्या टेबलापुढे उभी राहिली. काका छत्री ठेवत होते.

"काका, माझं चुकलं. तुम्ही बरोबर करत होता. पेटीसुद्धा तुमच्यासारखीच करते. शून्य नंबरला परत उभे राहाल का?"

काकांनी छत्री कोपऱ्यात नीट टेकवली. वेळ घेतला. चांगला वेळ घेतला, तो त्यांचा हक्क होता.

"आणि दार वाजलं तर?"

"उठायचं. वाजलं की उठायचं. नाही उठलात तर मी शिट्टी मारीन."

"किल्ली माझ्याकडेच?"

"नाही. किल्ली साहेबांकडे, त्यांना तसंही कोणी भेटायला येत नाही. तुमच्याकडे मागचे कप. ज्यांची गरज उशिरा आहे ते."

"म्हणजे माझी बढती नाही झाली."

"काका."

"मस्करी केली हो. चला."

कागद नव्याने मांडायला दुपार झाली. छोटी शेजारी बसून बघत होती आणि हळूहळू तिची खुर्ची वहिनीच्या खुर्चीला चिकटली. तीन वाजता शिट्टी वाजली. या वेळी बेल खरी वाजायची वाट बघितली नाही. वहिनीने वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरच्या नर्सला सांगून ठेवलं, येता-जाता आमची बेल दाबत जा. त्या बाईला इतकी मजा आली की तिने रांगेतल्या पेशंटांनाही कामाला लावलं. काका उठतायत, बसतायत, कप ठेवतायत, उचलतायत. आणि बाकीचे तिघं थांबत नव्हते. किल्ली साहेबांच्या टेबलावर घडत होती, पुढचे कप पुढे जात होते.

सतराव्या रेघेला गाडी अडली. किल्लीसाठी नऊ नंबरचा कप हवा होता आणि तो काकांकडे, अकराव्या रेघेवर. काका दारात गाल सुजलेल्या एका माणसाशी बोलत होते.

"नऊ नंबर कुठाय?" साहेब ओरडले.

"मागे राहिला," छोटी म्हणाली. ती तेव्हा रिकामीच उभी होती. तिने स्वतःकडे बघितलं, मग वहिनीकडे. "मी आणू का?"

"रिकाम्या माणसाला हे विचारावं लागतं का?" वहिनी म्हणाली.

छोटी मागे धावली आणि अकराव्या रेघेवरचा काकांचा कप उचलला. तेवढ्यात काका आले.

"तो माझा आहे."

"मी नेते, काका."

"या रेघेचे पाच मोजून झालेत माझे, पुढचेही मीच मोजणार. अर्ध्यावरचं काम मी देत नाही."

"पूर्ण मोजलेत ना? मग इथून पुढे मी."

काकांनी जरा विचार केला आणि कप सोडला. वहिनीने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं: जो रिकामा असेल त्याने मागे जाऊन शून्याच्या हातचं उचलायचं, पण एक रेघ पुरी झाल्यावरच. अर्धवट नाही. सोल्डर म्हणाला, हाच नियम पेटीतही लागतो, अर्ध्यावर बिंदू ओढून घेतला तर गणित बिघडतं. काका ऐकत होते. त्यांनी मान ताठ केली.

सोळा मिनिटं. बेल वाजली बावीस वेळा.

ते सगळं पेटीत उतरवायला शुक्रवारची सकाळ उजाडली, आणि उजाडल्यावरही चार तास गेले. अकराच्या तपासणीला साडेदहाला छोटीने शेवटची ओळ टाकली.

तपासणीला आलेली बाई वीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवून आता ऑफिसात बसवलेली. खुर्चीवर बसतानाही गाडीत बसल्यासारखी, आरसा नीट आहे का बघून. साहेबांनी समजवायला सुरुवात केली तर तिने हात वर केला.

"तुमचं गणित मला कळणार नाही. मी वीस वेळा बटण दाबणार. एकदा जरी सेकंदाच्या वर गेलं तरी नको. आणि रेडिओ चालू ठेवायचा. रस्त्यावर रेडिओ कधी गप्प नसतो." तिने फोन काढला. "माझे दोन ड्रायव्हर खाली गाडीत बसलेत, ते सारखे बोलत राहतील."

पहिलं बटण. पॉइंट त्र्याण्णव. दुसरं, पॉइंट पंचाण्णव. छोटी पडद्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. वहिनी प्रत्येक आकडा तिच्या कानात सांगत होती, बाळाला ताप किती ते डॉक्टरला सांगावं तसं. सातवं पॉइंट चौऱ्याण्णव. अकरावं पॉइंट सत्त्याण्णव. रेडिओत ते दोन ड्रायव्हर कुठल्या तरी मॅचवरून भांडत होते, थांबायचं नावच नाही.

तेराव्याला पॉइंट नव्व्याण्णव.

वहिनीने तो आकडा सांगितला नाही. छोटीने तिचा दंड धरला.

"सांग ना."

"पास आहे. पुढे बघ."

चौदा, पंधरा, सोळा. सोल्डर नखं खात होता, त्याला खरं तर ती सवय नाही. एकोणीस, पॉइंट शहाण्णव. विसावं बटण ड्रायव्हरबाईने दाबलं आणि बोट तसंच ठेवलं, जसं काही तिलाही सोडवत नव्हतं.

पॉइंट पंचाण्णव.

तिने फोनवर खालच्यांना सांगितलं, बास झालं भांडण. मग वहीत एक सही केली आणि टोपण लावलं.

"घेऊ आपण," ती म्हणाली.

साहेबांना उभं राहावं की बसावं कळेना, ते अर्धे उभे राहिले. सोल्डरने भिंतीला टेकून डोळे मिटले. दारातून काका वाकून बघत होते, त्यांनी सोल्डरला हाताने विचारलं, सोल्डरने अंगठा दाखवला, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते गेले.

"एक आहे," ड्रायव्हरबाई म्हणाली. "नव्या गाड्यांचं झालं. जुन्या गाड्यांत जुन्या पेट्या आहेत, दोनच कोअरच्या. त्यात बसेल का हे?"

साहेबांनी तोंड उघडलं. पण छोटी आधी बोलली.

"दोन कोअर म्हणजे किल्लीवाला एक आणि दारावरचा एक. मग बिंदू कमी साठवावे लागतील, दुप्पट करायचं काम वाढेल. सगळी मांडणीच वेगळी. सहा आठवडे."

"चार," वहिनी म्हणाली.

"सहा. तू गणितात पडू नकोस, वहिनी."

"आणि तू वेळापत्रकात पडू नकोस. चार आठवडे होतात. पण कॉलेजवाले सोमवारी विचारतील, त्यांना काय सांगणार आहेस?"

"त्यांना काय सांगायचंय?" छोटी ड्रायव्हरबाईच्या वहीतलं एक कोरं पान मागून घेत म्हणाली. तिची खुर्ची टेबलाजवळ ओढलेली, पेन उघडलेलं. "हे बघ, आधी मला सांग, दुसरा कोअर दाराशी गेला तर पहिल्याने तेवढ्यात करायचं काय? नुसता बसणार?"

"कोण बसू देतंय त्याला," वहिनी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ड्रायव्हरबाईला म्हणाले, चला, आपण चहा घेऊ, या दोघी आता ऐकणार नाहीत.